सिस्टरच्या मलायी हडळी

"भूत बघायचं तर लख्ख उजेडात बघावं. अंधारात काय? तिचं तोंड तरी दिसतं का नीट?"

दोहाला आल्यावर पहिल्याच शुक्रवारी हे वाक्य माझ्या कानावर पडलं आणि मी मनात म्हटलं, बाई गं, कुठे येऊन पडले मी! खोली भाड्याने घेताना मी एसी चालू करून बघितला, नळ सोडून बघितला, ऑफिस मुशैरिबला म्हणून मेट्रोचं स्टेशन किती लांब ते चालून बघितलं. पण घरमालकीण सुट्टीच्या सकाळी काय करते हे कुणी विचारतं का? माझ्या घरमालकीण बाई सुट्टीच्या सकाळी हडळी बघायच्या. त्याही मलायी, म्हणजे मलेशियातल्या.

त्या एका हॉस्पिटलात लेबर वॉर्डला नर्स होत्या. मूळच्या वसईच्या, ख्रिश्चन, पन्नाशीला टेकलेल्या, आडव्या बांध्याच्या, आणि आवाज असा की खालच्या मजल्यावरचा बंगाली दर्जी मशीन थांबवून वर बघायचा. नज्म्यातल्या एका जुन्या इमारतीत त्यांचं घर, त्यातली एक खोली मला दिलेली. नवरा मेसईदच्या खताच्या कारखान्यात, राहायला कंपनीच्या क्वार्टरमध्ये. गुरुवारी संध्याकाळी बसने घरी यायचा, शनिवारी परत. एकच मुलगी, बारावीला. मी आल्या आल्या त्यांना 'आंटी' म्हटलं तर बाई भडकल्याच.

"आंटी म्हणजे गुत्ता चालवते ती. मी दारू विकते का? सिस्टर म्हण."

"पण तुम्ही माझ्या सिस्टर कशा..."

"अख्खं कतार म्हणतं. तुला काय धाड भरलीय?"

झालं. तेव्हापासून सिस्टर. त्यांचं खरं नाव मी लाइटच्या बिलावर वाचलं होतं, पण तोंडात कधी बसलं नाही.

इथे रविवारी कामावर जायचं असतं, त्यामुळे चर्चमधली रविवारची प्रार्थना, म्हणजे मिसा, शुक्रवारी. सिस्टर सकाळची मिसा करून यायच्या, चांगला ड्रेस उतरवून गाऊन चढवायच्या आणि सुके बोंबील भाजायला घ्यायच्या. मी कराडची, शाकाहारी. त्या वासाने माझा अर्धा जीव जायचा आणि उरलेला अर्धा पुढच्या कार्यक्रमाने. बोंबील झाले की त्या दिवाणखान्याचे पडदे टराटरा ओढून खिडकी मोकळी करायच्या. बाहेर ऊन असं रणरणतं की समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी बघवत नाही. आणि आत टीव्हीवर केळीच्या बागेत केस मोकळे सोडून उभी असलेली पांढऱ्या कपड्यातली बाई. उजेडामुळे पडद्यावर खिडकीचे गज उमटायचे, म्हणजे भूत कमी आणि ग्रिल जास्त. सोफ्यावर नवरा घोरतोय, खाली सतरंजीवर मुलगी मोबाईल घेऊन पसरलीय, आणि मी तोंडासमोर उशी धरून दाराजवळ. पळायला बरं.

हा नाद त्यांना लागला तो नर्सिंग हॉस्टेलवर. कतारला आल्या तेव्हा खोलीत एक मलायी नर्स होती. दोघींची भाषा वेगळी, देव वेगळा, पण दोघी लेबर वॉर्डच्या. ती हे पिक्चर लावायची आणि सिस्टरला अर्थ सांगायची. ती परत गेली, नाद राहिला. मग सिस्टर सबटायटल वाचून बघायला लागल्या. पुढे पुढे तर सबटायटललाही दटावायच्या. "हे चूक लिहिलंय, ती 'आई' म्हणाली, ह्याने 'वूमन' लिहिलंय."

यातली मुख्य हडळ म्हणजे पोंतियानाक. बाळंतपणात गेलेली बाई. आपल्याकडे अळवंतीण म्हणतात तीच, फक्त ही केळीत राहते आणि ती आली की चाफ्याचा वास सुटतो. "आमच्या वसईला घरोघर केळी," सिस्टर म्हणायच्या, "म्हणजे मी हिच्यातच वाढले." आणि ती पडद्यावर आली, माझी उशी वर गेली, की सिस्टर पुढे सरकून बसायच्या आणि चक्क तिची चौकशी सुरू करायच्या.

"ये गं बाई. बस. पहिलटकरीण होतीस का? वार पडली होती का नीट? किती वेळ अंगावरून जात होतं? बघ ना, पांढरीफटक पडलीय." मग माझ्याकडे वळून, "भूत नाही ही. ही रक्तस्रावाची केस आहे. कुणी वेळेवर गाडी काढली असती तर आज नातवंडं खेळवली असती हिने. गाडी काढली नाही, मग आता किंचाळते तर म्हणे घाबरलो!"

मी म्हटलं, "सिस्टर, ती माणसाचं आतडं खातेय."

"खाऊ दे. बाळंतिणीला भूक लागतेच."

हसावं की उठून जावं हेच कळायचं नाही. माझी आई कराडहून फोनवर म्हणायची, "शनिवारी तरी असलं बघत नाहीस ना?" मी म्हणायचे, "नाही आई, शुक्रवारी." तिला तेवढ्यानेही बरं वाटायचं.

हळूहळू माझ्या लक्षात आलं, की सिस्टरना भुतात काडीचा रस नव्हता. त्या आई आणि मुलगी शोधायच्या. मला म्हणाल्या होत्या, "तिथल्या जुन्या माणसांत दोन वेगळ्या समजायचे. बाळंतपणात गेली ती आई म्हणजे लांगसुइर, आणि तिच्याबरोबर गेलेली मुलगी म्हणजे पोंतियानाक. मग पिक्चरवाल्यांनी काय केलं? दोघींची एकच करून टाकली. मेल्या एका खाटेवर, आणि पिक्चरभर एकमेकींना भेटत नाहीत. का, सांग?"

"का?"

"भेटल्या तर बोलतील ना! दोन बायका बोलायला लागल्या की मग पिक्चरच्या हिरोला काय काम?"

सिस्टरची दुसरी एक खोड होती, तिने मला वेड लागायची पाळी आली होती. कुठल्याही पिक्चरमध्ये, अगदी रंगात आलेल्या, शेवटची दहाएक मिनिटं राहिली की एक पुरुष यायचा. कधी गावचा वैद्य, कधी धर्मगुरू, कधी शहरातून परतलेला नवरा. तो उंबऱ्यात दिसला रे दिसला की सिस्टर ओरडायच्या, "आला! खलास!" आणि रिमोटने टीव्ही बंद. वर्षभरात मी एकाही पिक्चरचा शेवट बघितला नाही हो! भांडले एकदा. "घाबरून घाबरून इथपर्यंत आले आणि आता तुम्ही बंद करता?"

"काय होणार ते मला विचार. तो मंत्र म्हणणार, आमच्याकडे फादर म्हणतील, तुमच्याकडे कुणी देवऋषी म्हणेल, सगळे सारखेच. ही जळणार. तो मुलीला जवळ घेणार. आणि मुलीला कुणी विचारणार नाही की बाई, तुझी आई आत्ता दुसऱ्यांदा मेली, तुला काय वाटतं."

मी खोलीत जाऊन मोबाईलवर गपचूप शेवट बघितला. तंतोतंत तसाच निघाला. मला आणखीनच राग आला.

टीव्ही बंद झाला की सिस्टर बोंबलाचा काटा चघळत स्वतःचा शेवट सांगायच्या. त्यांच्या शेवटात कुणी जळायचं नाही. आई आणि मुलगी मागच्या पायरीवर बसायच्या, मुलगी विचारायची, "तू रात्रीची केळीत का बसतेस?" आणि आई सांगायची. बस, एवढंच. माझ्यासारखीला हा काय शेवट वाटणार? पण सिस्टर सांगायच्या तेव्हा ती सतरंजीवरची मुलगी मोबाईल उलटा ठेवून ऐकायची, हे मी बघितलंय.

त्या मुलीबद्दल सांगते. इथे वाढलेल्या पोरांसारखीच, मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत. मायलेकी भांडायच्या तेव्हा सिस्टर त्यांच्या वसईच्या बोलीतून आणि ती इंग्रजीतून. वसईची बोली मला लिहिता यायची नाही, म्हणून माझ्याच मराठीत लिहितेय, त्यांनी वाचलं तर माझी खैर नाही.

पोंतियानाकच्या मानेत मागून खिळा ठोकला की ती गरीब गाय होते. स्वयंपाक करते, नवऱ्याला पंख्याने वारा घालते, खाली मान घालून बोलते. खिळा निघाला की परत हडळ. सिस्टरचा हा अगदी आवडता भाग. मला म्हणाल्या, "आपल्याकडे मानेत नाही ठोकत. तुम्ही गळ्यात घालता, आम्ही बोटात." सोफ्यावरून नवऱ्याचं घोरणं थांबलं, पण तो काही बोलला नाही. शहाणा माणूस.

तर एका पिक्चरमध्ये लहान मुलगी आईच्या उवा बघत असते आणि तिच्या हाताला खिळा लागतो. सिस्टरने तिथेच थांबवलं आणि लेकीला विचारलं, "तू काढला असतास?"

"ऑब्व्हियसली, मम्मा."

"मी उडून गेले असते तरी?"

"सो? यू वुड स्टिल बी माय मम्मा. जस्ट... फ्लाइंग."

सिस्टर एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या, की ठसका लागून पाणी प्यावं लागलं. पुढे आठवडाभर वॉर्डातल्या प्रत्येकीला त्यांनी हे सांगितलं असणार.

आता साका. हे मलायी भुतांतलं सगळ्यात चिवट प्रकरण. साका म्हणजे घराण्यात पाळलेलं भूत, कोकणात चेडा पाळतात म्हणतात तसलं. कुण्या पणजीने कधीतरी घराच्या राखणीला आणलेलं. ते घर राखतं, पण त्याला रोज खायला घालावं लागतं, आणि त्याची मागणी वाढतच जाते. म्हातारी मरायला टेकली तरी तिचा जीव जात नाही. घरातली दुसरी बाई, म्हणजे लेक नाहीतर नात, 'घेतलं मी' म्हणाली की मगच म्हातारी सुटते, आणि मग नातीच्या मागे शुक्लकाष्ठ. असले पिक्चर लागले की सिस्टर उभ्या राहून ओरडायच्या, "नको म्हण! अगं, नको म्हण, मूर्ख मुली!" आणि पडद्यावरची मूर्ख मुलगी डोळ्यांत पाणी आणून दर वेळी हो म्हणायची.

एकदा मी विचारलं, "सिस्टर, तुम्ही एवढ्या का चिडता?"

"आमच्या घरात आहे ना."

"काय?"

"साका. बनियन घालून फिरतो. माझा भाऊ."

वसईच्या घरी सिस्टरची आई आणि हा भाऊ. सिस्टरपेक्षा मोठा, धडधाकट, कुठे काही दुखत खुपत नाही. एकदा कुठल्याशा कंपनीत लागला होता, साहेब नीट बोलत नाही म्हणून सोडून आला, तो आलाच. लग्न झालं नाही. चहा हातात, ताट पुढ्यात, पाण्याचा तांब्या उशाशी. "मलायी साक्याला अंडं आणि भात चालतो," सिस्टर म्हणाल्या. "आमच्याला पापलेट लागतं, तेही काटा काढून. माझी आई ऐंशी उलटल्यावरसुद्धा त्याचे काटे काढत होती."

आता ती अंथरुणाला खिळली होती. शेजारची एक बाई दोन वेळचं करून जायची. फादर दोनदा मरणाऱ्याचं तेल लावून, शेवटचा अभ्यंग देऊन गेले आणि दोन्ही वेळा म्हातारी दुसऱ्या दिवशी पेज मागून उठून बसली. प्रत्येक फोनवर एकच, "त्याला कोण बघणार? तू हो म्हण, म्हणजे मी डोळे मिटते." सिस्टर विषय बदलायच्या. तिकडे पाऊस आहे का, डॉक्टर आला होता का. हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. इतकी तोंडाळ बाई, हॉस्पिटलात डॉक्टरांना सुनावणारी, पण आईपुढे मुकी.

त्या वर्षी मुलीचं मुंबईच्या कॉलेजात नक्की झालं. आर्किटेक्चर. सिस्टरने वॉर्डभर खजूर वाटले, मलाही जबरदस्तीने सहा खायला लावले. आणि एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर मुलगी ओट्याशी नूडल्स करत होती, सिस्टर ड्युटीवरून नुकत्या आलेल्या, अजून पर्सही खांद्यावर. मुलगी सहज म्हणाली, "आजी कॉल्ड. आय टोल्ड हर येस."

"कशाला येस?"

"मामाला बघशील का म्हणाली. घर मोठं आहे, इथेच राहा, इथूनच कॉलेजला जा, त्याचं जेवण बघ. शी वॉज क्रायिंग, मम्मा. शी इज डायिंग. सो आय सेड हो. व्हॉट्स द बिग डील?"

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. पर्स तशीच खांद्याला, सिस्टर स्टुलावर बसल्या. पोरीने शब्द देऊन टाकला होता, आणि तोही मरणाऱ्या माणसाला. पुढची पाच वर्षं, मग नोकरी, मग लग्न झालं तरी 'तू हो म्हणाली होतीस' हे सुटणार नव्हतं. ते मलासुद्धा दिसत होतं, आणि मी तर उसाच्या पट्ट्यातून आलेली, असली 'हो' आमच्याकडे पिढ्यानपिढ्या पुरतात.

दुसऱ्या दिवशी भावाचा मेसेज आला. सिस्टरने मला वाचून दाखवला. "भाचीला मासे करता येतात का? नसतील तर शिकवून पाठव."

मी अस्सल कराडच्या दोन शिव्या दिल्या. सिस्टरना समजल्या नसाव्यात, पण सूर आवडला.

त्या शुक्रवारी पिक्चर नाही. बोंबील नाहीत. पडदेही अर्धेच. मी चहा घेऊन गेले आणि म्हटलं, "अहो, सांगून टाका ना म्हातारीला, पोरीचं हो धरू नकोस म्हणून."

"पिक्चरला ओरडणं सोपं असतं गं," त्या म्हणाल्या. "ती सुखाने पडलीय दोन दिवस. शेजारीण म्हणाली, पहिल्यांदा हसली. आता फोन करून ते काढून घेऊ? आणि ती तशीच गेली तर?"

"आणि पोरगी?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग एकदम म्हणाल्या, "माझी चूक आहे. आईचं मागणं मी तिथेच पडू दिलं, उचललंही नाही, बाहेरही टाकलं नाही. घरात पडलेली वस्तू पोर उचलणारच." थोड्या वेळाने चहा गार झाल्यावर, "एवढी मी आईची लाडकी असते ना, तर बाळंतपणाला आली असती. मुलगी झाली तेव्हा मी इथे एकटी. दुसऱ्यांची बाळंतपणं करणारी बाई, माझ्या वेळेला जवळ आई नाही. तिकीट पाठवत होते. नको म्हणाली, मला जमत नाही. त्याच्यानंतर मीही कधी फार बोलले नाही."

असं त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी उठून तो गार चहा परत गरम करून आणला.

पुढच्या शुक्रवारी मिसा करून आल्या त्या ठरवूनच. नवऱ्याला मासळी बाजारात पिटाळलं. मला म्हणाल्या, "तू बस इथे. मी गप्प बसले तर चिमटा काढ." मुलीला म्हणाल्या, "तूही बस, पण कॅमेऱ्यात येऊ नकोस."

व्हिडिओ कॉल लागला. पडद्यावर आधी अंगठा, मग नाकपुड्या, मग बनियन. दर वेळी फोन भाऊच धरायचा, म्हातारीचे हात थरथरायचे म्हणून. म्हणजे इतकी वर्षं मायलेकी जे काही बोलल्या ते याच्या हातात.

"फोन उशीला टेकवून ठेव," सिस्टर म्हणाल्या, "आणि बाहेर जा."

"मी असलो तर काय झालं?"

"बाळंतपणाचं बोलायचंय. टाके, वार, अंगावरचं. ऐकतोस?"

बनियन असं पसार झालं की दाराचा आवाज इथवर आला.

म्हातारी दिसली. सुकलेली, डोक्याला रुमाल, पण डोळे लेकीचेच. सिस्टर गप्प. मी चिमटा काढला.

"आई, पोरीचं हो धरू नकोस. ती नाही बघणार त्याला. आणि मीही नाही बघणार."

मग म्हातारी म्हणाली, "मग कोण?"

"तोच. त्याचं तो बघेल."

"त्याला चहा करता येत नाही."

"शिकेल."

"मी गेले की उपाशी मरेल तो."

"कुणी मरत नाही आई. भूक लागली की हात आपोआप चालतात."

म्हातारी चिडली. आवाज खोल गेलेला, पण चिडली. "तुला सोपं आहे बोलायला. तू गेलीस निघून. माझ्या सासूने मरताना माझा हात धरून सांगितलं होतं, ह्या पोराला काही कमी पडू देऊ नकोस. मी हो म्हणाले. शब्द दिला होता मी."

"तुला विचारलं होतं कुणी, जमेल का म्हणून?"

"मला कोण विचारणार?"

"मी विचारते. नको वाटायचं का तुला कधी?"

म्हातारीने मान वळवली, दाराकडे बघितलं, ते बंद आहे याची खात्री केली. मग म्हणाली, "आता विचारतेस होय गं? इतक्या वर्षांनी?"

या वेळी मी चिमटा काढला नाही.

"वीट आला होता मला," म्हातारी म्हणाली. "तुझ्या बाळंतपणाला यायचं होतं मला. विमानात बसायचं होतं. डिंकाचे लाडू केले होते, डबा भरून. बॅग भरली होती. तर हा दारात बसला. मला जेवायला कोण घालणार म्हणाला. मी म्हटलं, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे. हा उठेचना. मग मी तुला फोन केला, जमत नाही म्हणून."

"आणि लाडू?" सिस्टरने विचारलं.

"लाडू त्यानेच खाल्ले."

सिस्टरने टेबलावर डोकं ठेवलं आणि लहान पोरीसारख्या हमसून हमसून रडल्या. मीही रडले, उगाच खोटं कशाला बोलू. मुलगी कोपऱ्यातून उठून आली आणि आईच्या खांद्याला धरून कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. म्हातारीने तिला बराच वेळ बघितलं.

"तू हो म्हणालीस ते मी ऐकलं नाही असं समज," म्हातारी म्हणाली. "कॉलेजच्या तिथेच राहा. इथे राहायला यायचं नाही. रविवारी जेवायला ये वाटलं तर."

"व्हू विल कुक?" मुलीने रडता रडता विचारलं.

म्हातारीला इंग्रजी कळलं की नुसता सूर कळला, कोण जाणे. तिने दाराकडे तोंड करून हाक मारली. फादर ज्या बाईला दोनदा निरोप देऊन गेले होते तिच्यात एवढा आवाज कुठून आला देवाला ठाऊक. "अरे ए! चहा टाक!"

बाहेरून आवाज आला, "कोण, मी?"

म्हातारीला हो मिळालं नाही, आणि तरी, किंवा म्हणूनच म्हणा, ती त्यानंतर पुढचा सगळा पावसाळा जगली. सिस्टरने महिनाभराची रजा टाकली, मुलीला हॉस्टेलवर सोडलं आणि वसईला जाऊन राहिल्या. परत आल्या तेव्हा मी त्यांना आणायला विमानतळावर गेले होते. टॅक्सीत बसल्या बसल्या म्हणाल्या, "झालं माझं बाळंतपण."

"म्हणजे?"

"रोज सकाळी मला खाटेजवळ खाली बसवायची आणि डोक्यावर तेल थापायची. हात उचलत नव्हता तिचा, पण हट्ट. म्हणायची, तुझं राहिलंय. मग डिंकाचे लाडू करायला लावले. ती खाटेवरून सांगायची, आणि भाऊ करायचा. डिंक करपला, गूळ कच्चा राहिला, दगड झाले नुसते दगड."

"मग?"

"मग काय? रोज दोन दोन करून सगळे मी खाल्ले. तो दारात उभा राहून बघायचा," सिस्टर म्हणाल्या, "एकसुद्धा दिला नाही त्याला."